वाचकांचे प्रश्न : सर्व्हिसिंग पुढे ढकलावे का?

प्रश्न : आमच्या खोदकामावर एक एक्स्कॅव्हेटर आणि पाच डंपर आहेत. कामाची मुदत जवळ आल्यामुळे एक्स्कॅव्हेटरचे सर्व्हिसिंग महिनाभर पुढे ढकलले तर चालेल का?

उत्तर : कृपया ढकलू नका. एक्स्कॅव्हेटर बंद पडला की पाचही डंपर उभे राहतात, त्यामुळे सर्व्हिसिंगसाठी ठरवून काढलेला अर्धा दिवस अचानक गेलेल्या तीन दिवसांपेक्षा केव्हाही परवडतो. शिवाय सर्व्हिसिंग महिन्यांवर मोजायचे नसून अवर मीटरवर, म्हणजे यंत्र किती तास चालले हे दाखवणाऱ्या मीटरवर, मोजायचे असते. अनेक यंत्रांत इंजिन ऑइल 250 किंवा 500 तासांनी बदलतात; तुमच्या यंत्राचा नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावा, आणि धूळ फार असेल तर त्याआधीच बदलावे.

बकेटच्या पिनांना ग्रीस मात्र रोज द्यावे. जुने, काळपट ग्रीस बाहेर येऊन नवे दिसू लागेपर्यंत ग्रीस गन चालवावी, कारण आत राहिलेली माती पिन आणि बुश (पिन ज्यात फिरते ती धातूची नळी) दोन्ही खाते. ऑपरेटरला यासाठी पाळीच्या सुरुवातीला हक्काची पंधरा मिनिटे द्या. ती वाचवणारा व्यवस्थापक माझ्या मते चुकीच्या ठिकाणी काटकसर करतो.

हायड्रॉलिक नळीची गळती शोधताना कधीही हात फिरवू नये, कारण सुईएवढ्या छिद्रातून दाबाने सुटलेले तेल कातडीत शिरते आणि प्रसंगी बोट गमवावे लागते. हातमोजे व चष्मा घालून नळीजवळ पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा, म्हणजे गळती त्यावरच्या तेलाच्या डागावरून कळते, आणि तेल कातडीत शिरल्याची शंका आली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.