सिस्टरना विचारा : बोलू न शकणाऱ्या बाबांना कुठे ठेवू?

प्रश्न : सिस्टर, माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडलाय. बोलणं जवळजवळ गेलंय, पण आपण बोललेलं त्यांना कळतं. आई नाही. आम्ही दोघं नोकरीला, घर दोन खोल्यांचं, आणि दिवसाच्या मावशी टिकत नाहीत. म्हणून शुश्रूषा केंद्रात ठेवायचं ठरवलंय. दोन बघून आले. एक बदलापूरच्या पुढे : नवी इमारत, बाग, लिफ्ट, प्रत्येकाला वेगळी खोली आणि टीव्ही. दुसरं कल्याणला जुन्या बंगल्यात : एका खोलीत चार खाटा, भिंतींचा रंग उडालेला. पैसे साधारण सारखेच. काका म्हणतात, आईवडिलांना असं ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. मी कशावरून ठरवू?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आधी काकांचं बघू. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम २४ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे खरी. पण ती म्हाताऱ्या माणसाला कायमचं वाऱ्यावर सोडण्याच्या हेतूने कुठेतरी टाकून जाणाऱ्याला. तुम्ही उपचारांची सोय करताय आणि भेटायला जाणार आहात. काकांना हे नीट समजावून सांगा आणि जमलं तर मधल्या वारी बाबांना भेटून यायची विनंती करा. रविवारी सगळ्यांचेच नातेवाईक येतात. बुधवारी येणाऱ्या माणसाला केंद्र जसं असतं तसं दिसतं.

तुमच्या पत्रात बाग आहे, लिफ्ट आहे, भिंतींचा रंग आहे. तिथे राहणारा एकही माणूस मात्र नाही. मी सरकारी रुग्णालयात वॉर्ड सिस्टर होते, निवृत्तीनंतर काही वर्षं अशाच एका केंद्राची देखरेख केली. नातेवाईक यायचे, ऑफिसात बसायचे, रिकामी खोली बघायचे आणि अनामत भरून जायचे. मला फार वाटायचं, एखाद्याने तरी म्हणावं की तुमच्याकडचा सगळ्यात परावलंबी रुग्ण कुठे आहे, त्यांना भेटू का? ज्यांना कूस बदलता येत नाही, पाणी मागता येत नाही, तक्रार करता येत नाही, असा रुग्ण. चालत्या-बोलत्या आजोबांची काळजी बहुतेक ठिकाणी घेतली जाते, कारण ते बोलून दाखवतात. तुमचे बाबा बोलू शकणार नाहीत, म्हणून तुम्हाला हाच रुग्ण बघायचा आहे.

परवानगी घेऊन त्यांच्याजवळ पाच मिनिटं बसा. फोटो नको, परक्या माणसाची चादर उचलणं नको. न उचलताही पुष्कळ दिसतं. ओठ सुकून भेगाळलेत का, जिभेवर पांढरा थर आहे का, नखं कापलेली आहेत का, लघवीची पिशवी जमिनीवर लोळतेय का, हात पट्टीने खाटेला बांधलेत का. मग तिथल्या सिस्टरना विचारा, सध्या किती जणांना बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा आहेत आणि त्यातले किती इथे आल्यावर झाले? ज्यांच्याकडे खरोखर झोपून असलेले रुग्ण आहेत त्या सिस्टर आकडा सांगतील, कुणाची जखम भरत आलीय तेही सांगतील. "आमच्याकडे कधीच कुणाला होत नाही" या उत्तरावर मी विश्वास ठेवत नाही. माकडहाड, टाचा, खुबे इथली कातडी लाल झाली आणि बोटाने दाबूनही लाली जात नसेल, तर जखम सुरू झाली असं समजायचं. ती टाळायला साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते आणि त्याची नोंद ठेवावी लागते. ती वही मागा. सकाळी अकराला गेलात आणि दुपारी दोनची सही आधीच झालेली दिसली, तर तिथून उठा.

दुसरी खेप न कळवता, जेवणाच्या वेळी. तुमच्या बाबांसाठी ही वेळ सगळ्यात महत्त्वाची. अर्धांगवायूत गिळणं बिघडतं, लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, आणि पातळ पाणी घशात घट्ट पदार्थापेक्षा जास्त धोक्याचं ठरतं. घास किंवा पाणी श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया. भरवणारी मावशी शेजारी बसून भरवतेय की उभ्या-उभ्या चमचे कोंबतेय? रुग्ण नीट बसता केलाय की आडवाच आहे? पहिला घास गिळल्याची खात्री करून दुसरा देतात का? शेवटी तोंडात बोट किंवा ओला कापूस फिरवून गाल साफ करतात का? हे शेवटचं जिथे होतं तिथे कुणीतरी जाणत्या सिस्टरने माणसं तयार केलेली असतात.

तसंच, रुग्णाला खाटेवरून खुर्चीत बसवताना बघा. लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढलं तर खांदा निखळतो आणि पुढे महिनोन्‌महिने दुखत राहतो. उचलणाऱ्याने कमरेला आधार द्यायला हवा. बेल कुठल्या बाजूला आहे हेही पाहून ठेवा. बाबांची ती डाव्या हाताशी हवी. उजवीकडे लावलेली बेल त्यांना असून नसल्यासारखी. एवढ्या दोन गोष्टी जिथे पाहताक्षणी बरोबर दिसतात, तिथे माझं मन बरंचसं निवतं.

मग रात्र. रात्री किती रुग्णांमागे किती माणसं, त्यात शिकलेली नर्स किती आणि नुसते अटेंडंट किती, हे विचाराच. त्याहून मोठा प्रश्न असा की रात्री दोनला रुग्णाचं तोंड वाकडं झालं तर रुग्णालयात हलवायचं कोण ठरवतं? मेंदूत रक्ताची गुठळी अडकून नवा झटका आला असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून. "सकाळी डॉक्टर आले की बघतात" हे उत्तर चालणार नाही. रात्रीच्या नर्सला १०८ ला फोन करायची मुभा हवी, सीटी स्कॅन असलेलं जवळचं रुग्णालय तिला ठाऊक हवं, आणि सोबत कोण जाणार हे आधीच ठरलेलं हवं.

पैशांचं थोडक्यात. बाबांसारख्या रुग्णाचं गेल्या महिन्याचं बिल नाव झाकून दाखवायला सांगा. डायपर, फिजिओथेरपी, औषधं, ऑक्सिजन वेगळं लावतात का ते त्यातच कळतं. अनामत किती दिवसांत परत मिळते, ते कागदावर घ्या.

फिजिओथेरपीबद्दल मात्र घाई करा. हातापायांत सुधारणा होते ती बरीचशी पहिल्या काही महिन्यांत, आणि तुमचे दोन महिने गेलेत. थेरपिस्ट आठवड्यातून किती दिवस येतात, मधल्या दिवशी व्यायाम कोण घेतं, वाचा-उपचार करणारं कुणी येतं का, हे दोन्हीकडे विचारा.

मला विचाराल तर माझं मन कल्याणच्या बंगल्याकडे झुकतं. रंग उडाल्याने रुग्णाला काही होत नाही. ऑफिस सुटल्यावर जाऊन डोकावता येईल इतकं ते जवळ आहे. आणि चार खाटांच्या खोलीत, ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी शेजारचा बोलतो. "अहो, यांना ठसका लागलाय बघा" असं ओरडणारे आजोबा मी पाहिलेत. बंद खोलीत, टीव्हीच्या आवाजात तो ठसका कोण ऐकणार? पण रात्रीचं आणि फिजिओथेरपीचं उत्तर तिथे समाधानकारक मिळालं नाही, तर माझा हा कल विसरून जा. दोन्हीकडे नाहीच जमलं, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे. आणखी केंद्रांची माहिती तिथे विचारता येईल.

आणि ठरवण्याआधी बाबांना विचारा. दोन्ही जागांचे फोटो मोबाइलवर दाखवा, हो-नाहीचे छोटे प्रश्न करा, वेळ द्या. वाचा गेलेले रुग्ण कधीकधी "हो" म्हणायचं असताना "नाही" अशी मान हलवतात, म्हणून तोच प्रश्न थोड्या वेळाने उलटा करून विचारा. केंद्राशी पहिला महिना अजमावण्याचा म्हणून बोलून घ्या, आणि तो संपायच्या आत बाबांना पुन्हा एकदा विचारा.