नाशिकचं आरोग्य विद्यापीठ आणि इथली इंजिनिअरिंग कॉलेजं मिळून संशोधन करायचं म्हणाली, तर निधी कुठून येईल?

अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींपासून सुरुवात करा. कंपनी कायदा 2013, कलम 135: वर्षाला 5 कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्चावे लागतात. सरकारी निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांचं वैद्यकीय नि तांत्रिक संशोधनही त्यात बसतं.

पण ‘संशोधनाला हातभार लावा’ असं मोघम मागू नका. टूलरूमवाल्याच्या, म्हणजे साचे-सुटे भाग घडवणाऱ्याच्या, हातात मोडलेलं हाड जोडायची प्लेट द्या आणि स्क्रू कुठे सैल होतो ते सर्जनलाच दाखवू द्या. आपल्याकडे अचूक मशीनिंग करणारी इतकी माणसं आहेत, त्यांना लगेच कळतं.

मोठे दातेही पुढे येतात. 2022 मध्ये बंगळूरच्या आयआयएससीला (भारतीय विज्ञान संस्थेला) बागची आणि पार्थसारथी या उद्योजक दांपत्यांनी वैद्यकीय संस्था व रुग्णालयासाठी 425 कोटी जाहीर केले, तर आयआयटी कानपूरला इंडिगोचे सहसंस्थापक राकेश गंगवाल यांनी 100 कोटी.

एक मनापासून सांगतो: पहिली देणगी यंत्रासाठी मागू नका, दोन-तीन तरुण संशोधकांच्या पगारासाठी मागा. यंत्र येतं, फीत कापली जाते आणि ते चालवायला माणूसच नसतो.