बिबट्याला हात कधी लावायला मिळणार? (वाचकांचे प्रश्न, डॉक्टर मॅडमची उत्तरं)

परीक्षा संपत आल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो. एरवी गाय आटली, कुत्रा खात नाही, पोपटाचे पंख गळतात असं असतं (आपला देशी पोपट घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे, हे मी दर वेळी लिहिते आणि दर वेळी कुणीतरी रागावतं). या महिन्यात मात्र पत्रांचा ढीग एकाच विषयावर आहे, वन्यप्राण्यांच्या रेस्क्यू सेंटरला इंटर्नशिप. त्यातली काही घेतेय.

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी परभणीला बीव्हीएससीला (जनावरांच्या डॉक्टरकीला) आहे, चौथं वर्ष. उन्हाळ्यात पंधरा दिवस एका रेस्क्यू सेंटरला जाऊन आलो. पंधरा दिवस पपया कापल्या, पिंजरे धुतले, रजिस्टर लिहिलं. बिबट्याजवळ एकदाही नेलं नाही. मित्र म्हणतात तुला फुकटचा कामगार म्हणून वापरलं. शेवटच्या इंटर्नशिपच्या वर्षात परत जाऊ का?

जा. त्याच सेंटरला जा, कारण तुला बिबट्याजवळ नेलं नाही म्हणजे त्या लोकांना काम कळतं.

तुझा राग मला समजतो रे, मी पण असाच चिडलेले. पण एक सांग, ते रजिस्टर लिहिताना तू काय लिहीत होतास? किती मांस टाकलं, किती उरलं, शी कशी होती, पाणी प्यायला का. आपल्या गोठ्यातली गाय आजारी पडली तर मालक सांगतो, डॉक्टर कालपासून रवंथ नाही. बिबट्याचा मालक कोण? आणि जंगली जनावर दुखणं लपवतं, शेवटपर्यंत लपवतं, कारण जंगलात लंगडताना दिसलं की संपलंच. त्यामुळे आपल्या हातात दोनच गोष्टी राहतात, उरलेलं मांस आणि विष्ठा. त्यातही आठवड्यात एक दिवस मोठ्या मांजरांना उपास असतो बऱ्याच ठिकाणी, म्हणजे त्या दिवसाचं रजिस्टर वेगळं वाचावं लागतं, दुसऱ्या दिवशीसुद्धा भूक नाही म्हटल्यावर मग कान टवकारायचे. मी इंटर्न असताना प्राणी सांभाळणारे एक कीपर मामा होते, शाळा चौथीपर्यंत, ते एका सकाळी म्हणाले की हा म्हातारा आज माचावर चढताना खाली थांबला, मग चढला. बस एवढंच. आम्ही तीन शिकलेले माणसं तिथेच उभे होतो, कुणाला दिसलं नव्हतं. पुढे एक्सरे काढला तर मागच्या पायाचा सांधा पार झिजलेला.

आणि भूल देण्याच्या दिवशी इंटर्नचं काम काय असतं तेही ऐकून ठेव म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. झायलाझीन-केटामाईन या भुलेच्या औषधांचा डार्ट (लांबून मारायची सुई) डॉक्टर मारणार. जनावर पडलं, काठीने कान हलवून खात्री झाली, की डोळ्यात मलम घालायचं, कारण केटामाईनमध्ये डोळे उघडेच राहतात आणि बुबुळ सुकतं, वर काळं फडकं बांधायचं. मग एक जण थर्मामीटर घेऊन बसतो आणि दर पाच मिनिटांनी मोठ्याने नव्हे, हळू आवाजात ताप, श्वास, नाडी सांगत राहतो. तो एक जण म्हणजे इंटर्न. ताप चढायला लागला की पंजांवर आणि जांघेत पाणी, एप्रिल-मे असेल तर बर्फसुद्धा. शेपटीच्या शिरेतून रक्त काढायला कदाचित तुला देतील, कदाचित नाही. चाळीस मिनिटं तू त्याच्या फासळ्या वरखाली होताना मोजत बसणार आणि घरी जाऊन आईला सांगणार की आज मी बिबट्यावर उपचार केले. खरंच केलेले असतात.

फुकटचा कामगार वगैरे मित्रांना म्हणू दे. फक्त एक बघ, पंधरा दिवसांत डॉक्टरांनी तुला एकदा तरी बसवून केस समजावली का, शीचा नमुना मिठाच्या पाण्यात घालून जंताची अंडी मायक्रोस्कोपखाली दाखवली का. तेवढंही केलं नसेल तर मित्र थोडे बरोबर आहेत, तेव्हा या वेळी आधीच स्पष्ट विचारून जा. आणि कॉलेजची परवानगी लेखी घे, साडेपाच वर्षातलं ते शेवटचं वर्ष आहे, दिवस मोजले गेले नाहीत तर रडशील.

प्रश्न: मी नारायणगावची, बीएससी झूलॉजी करतेय, व्हेट (जनावरांची डॉक्टर) नाहीये. माणिकडोहचं बिबट्या केंद्र आमच्यापासून जवळ आहे. माझ्यासारखीला तिथे किंवा अशा ठिकाणी काही करता येईल का?

येईल की. सुई तेवढी विसर, ती कायद्याने व्हेटचीच. बाकी वागणुकीची निरीक्षणं, आहार, पिंजऱ्यात कंटाळा येऊ नये म्हणून काहीबाही करून ठेवणं (ओंडके, लपवलेलं खाणं, वास), गावात जाऊन बोलणं, हे सगळं तुमचं. तुम्ही जुन्नरच्या, तुम्हाला गावातली भाषा येते, पुण्यामुंबईच्या मुलांना ऊस आणि घास यातला फरक सांगावा लागतो.

आणि जुन्नरमध्ये जे शिकायला मिळतं ते दुसरीकडे क्वचितच. ऊसतोड सुरू झाली की फडात बछडे सापडतात, मादीला ऊस म्हणजे जंगलच, तिथेच विते. पूर्वी लोक उचलून आणायचे आणि ते पिल्लू जन्मभर पिंजऱ्यात. आता वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएस या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची टीम मिळून पिल्लं तपासतात, ओळखीची चिप बसवतात, आणि संध्याकाळी जिथे सापडली त्याच जागी एका क्रेटमध्ये ठेवून लांब जाऊन बसतात, कॅमेरा लावून. तोड थांबवायची, गर्दी पांगवायची, मोबाईलवाल्या पोरांना हाकलायचं, हे सगळ्यात अवघड काम आणि ते तुमच्यासारखी गावातली मुलगीच नीट करू शकते. मग अंधार. मादी येते, क्रेट पाडते, पिल्लाला मानगुटीला धरून निघून जाते. कधी पहिल्या रात्री येत नाही, मग दुसऱ्या रात्री परत सगळं. ती पिल्लं दीड-दोन वर्षं आईजवळ राहून शिकतात, आपण बाटलीने दूध पाजून त्यातलं काय शिकवणार?

प्रश्न: मुलगी व्हेटरनरीला आहे, अभयारण्यातल्या सेंटरला दोन महिने जायचं म्हणतेय. आम्ही साताऱ्याचे, घरात कुणी या लाइनमध्ये नाही. रेबीज वगैरेची भीती वाटते. पाठवू का? – एक आई

ताई, पाठवा. भीती बरोबर आहे पण तिच्यावर इलाज आहे. रेबीजची चावण्याआधीची लस घेता येते, तीन डोस, पहिला, मग सातव्या दिवशी, मग एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या. म्हणजे निघण्याच्या महिनाभर आधी सुरू करावं लागतं, जायच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. आणि लस घेतली तरी काही चावलंच तर साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि पुन्हा डोस घ्यायचे, हे तिला पाठ हवं. धनुर्वाताचं बघून घ्या. सिंधुदुर्ग-गोव्याच्या बाजूला जाणार असेल तर माकडतापाचं विचारा, दोडामार्ग भागात 2016 पासून त्याचे पेशंट आहेत, गोचिडीतून येतो, त्यामुळे पूर्ण बाह्या, पॅंट मोज्यात खोचलेली, आणि मेलेल्या माकडाला हात नाही म्हणजे नाही, वनखात्याला कळवायचं.

उलटी बाजू पण सांगते, कुणी विचारत नाही म्हणून. आपणही त्यांना आजार देतो. हत्तींना माणसाकडून टीबी होतो. त्यामुळे सेंटरवाल्यांनी तुमच्या मुलीच्या तपासण्या मागितल्या तर अपमान वाटून घेऊ नका, खूश व्हा. गेटवर पाय बुडवायला जंतुनाशकाचं पाणी ठेवलंय का, राहायची खोली कशी, मुलींसाठी वेगळी का, रात्री दवाखान्यात न्यायला गाडी आहे का, एवढं फोनवर विचारा. फोनवर जो चिडतो त्याच्याकडे पाठवू नका.

प्रश्न: इन्स्टावर बघून एका साउथ आफ्रिकेच्या प्रोग्रामला अप्लाय केलंय, चार आठवडे अनाथ सिंहाच्या पिल्लांना सांभाळायचं, बाटलीने दूध, फिरायला न्यायचं. सगळे मिळून अडीच लाख. सर्टिफिकेट मिळतं. बाबा लोन काढायला तयार आहेत. घेऊ का अनुभव?

बाबांना सांग थांबा.

मला एक सांग, एवढी अनाथ सिंहाची पिल्लं येतात कुठून? दर महिन्याला नवी बॅच येणार व्हॉलंटियरची आणि दर महिन्याला दोन-तीन आठवड्यांची पिल्लं तयार, सिंहिणी काय रांगेत मरतात का? तिथे असल्या बऱ्याच फार्मवर पिल्लं जन्मली की काही दिवसांत आईपासून काढतात, म्हणजे सिंहीण लवकर परत माजावर येते, आपल्याकडे गोठ्यात काय होतं ते तुला माहितीये. मग तुझ्यासारखी पोरं पैसे देऊन त्यांना वाढवतात. थोडी मोठी झाली की पर्यटकांबरोबर चालायला, अजून मोठी झाली की कुंपणातल्या शिकारीसाठी किंवा हाडांच्या व्यापारासाठी. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह जंगलात सोडताच येत नाही, तो माणूस दिसला की जवळ येतो, म्हणूनच तर शिकाऱ्याला सोपा. हे तिथल्या सरकारनेही मान्य केलंय, 2021 मध्ये त्यांनी सिंहांची ही पिंजऱ्यातली पैदास बंद करण्याचं धोरण जाहीर केलं. धोरण आणि प्रत्यक्ष यात किती अंतर असतं ते आपल्याला कुणी सांगायला नको.

सगळेच तसे असतात असं म्हणत नाही. त्यांना एक ईमेल टाक, मागच्या तीन वर्षांत तुमच्याकडे वाढलेली पिल्लं आज कुठे आहेत, नावानिशी सांगा. उत्तरात फोटो आणि हार्ट आले की समज.

अडीच लाखात तू आपल्याकडे किती ठिकाणी जाऊन येशील बघ. आग्र्याला अस्वलं आहेत, अस्वलं नाचवणाऱ्या कलंदरांकडून सोडवलेली, नाकात वेसण घातल्याच्या खुणा आणि सुळे पाडलेले, त्यांचे दात आणि सांधे बघितलेस तर म्हाताऱ्या जनावराची शुश्रूषा म्हणजे काय ते कळेल. मथुरेला हत्तींचा दवाखाना आहे 2018 पासून, तिथे पायाची काळजी शिकायला मिळते, डांबरी रस्त्यावर चालून फुटलेले तळवे, वाढलेली नखं, औषधाच्या पाण्यात पाय बुडवून ठेवायचा. काझीरंगाला पुरात वाहून आलेली पिल्लं येतात. आणि डहाणूला समुद्री कासवांचं केंद्र, पावसाळ्यात जाळ्यात अडकून फ्लिपर कापले गेलेली कासवं किनाऱ्यावर येतात, हे तर मुंबईहून लोकलने गाठता येतं. आधी रीतसर अर्ज मात्र सगळीकडे.

प्रश्न: इंटर्नशिपमध्ये प्राण्याबरोबर एकही फोटो काढू देत नाहीत. एवढं काय बिघडतं? आठवण म्हणून तरी?

माझी आठवण सांगते. इंटर्न असताना एका ठिकाणी उदमांजराचं पिल्लू आलं, डोळे नुकते उघडलेले. मला सांगितलं होतं पाजताना बोलायचं नाही, मांडीवर घ्यायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाजायचं आणि परत ठेवायचं. मी त्याला नाव ठेवलं. रात्री जॅकेटमध्ये घेऊन बसायचे, फोटो काढायचे, सगळ्यांना पाठवायचे. तीन महिन्यांनी सोडायची वेळ आली तर ते झाडावर चढेना, माझ्या बुटाच्या लेसशी खेळत बसलं. सोडलं नाही, सोडता आलंच नाही. ते पुढे तिथेच राहिलं, मी कॉलेजला परत गेले. माझ्याकडे त्याचे साठेक फोटो आहेत अजून.

प्रश्न: यात पुढे नोकरी आहे का खरंच? घरचे म्हणतात पशुधन विकास अधिकारीची परीक्षा दे.

परीक्षा दे. वन्यप्राण्यांच्या डॉक्टरच्या जागा मोजक्या आहेत, खोटं कशाला सांगू. एमव्हीएससी (पुढची पदवी) करायचं असेल तर नागपूरला माफसूचं, म्हणजे आपल्या पशुविज्ञान विद्यापीठाचं, गोरेवाड्याला वन्यजीव केंद्र आहे, बरेलीला आयव्हीआरआय ही पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे, तिकडे प्रयत्न कर; डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एमव्हीएससी नाही, पण वन्यजीवांचा अभ्यास आहे. पण जंगलाकडेच्या गावात सरकारी दवाखान्यात बसलास तरी तू त्यातच आहेस. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध जनावरांसाठी 2006 मध्ये बंद झालं कारण ते टोचलेली मेलेली गाय खाऊन गिधाडांच्या किडन्या जायच्या, तरी माणसाची बाटली गायीला टोचणारे मी स्वतः पाहिलेत, तिथे त्याऐवजी गिधाडांना न मारणारं मेलॉक्सिकॅम लिहिणारा माणूस तूच. 2018 ला गीरमध्ये सिंह मेले तेव्हा काहींत कॅनाइन डिस्टेंपरचा व्हायरस सापडला होता, मुख्यतः कुत्र्यांचा आजार. म्हणजे तुझ्या गावातल्या मोकाट कुत्र्यांना लस कुणी दिली, किती दिली, कधी दिली, याचं एक रजिस्टर पहिल्या आठवड्यातच सुरू कर, पपया कापणाऱ्या पोराला रजिस्टर लिहायची सवय असतेच.