बाटल्या घरी कशा न्यायच्या, ते आधी ठरवा

तुमचा बेत वाचला. कुटुंबानं चालवलेल्या तीन छोट्या वायनरी एकाच दिवसात, घेतलेल्या बाटल्या डिकीत, मग जमेल तेव्हा कुरिअर. अगदी हेच आम्ही केलं होतं, म्हणून जरा लांबण लावतेय.

वेळ ठरवून जाणं, गाडी चालवणाऱ्यानं न पिणं वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच.

आमची भेट झकास झाली. मालकीणबाई स्वतः ओतत होत्या, पिंपातली अजून न भरलेली वाइनही चाखवली. भारावून सहा बाटल्या घेतल्या. कुरिअरवाल्यांना मी आधी फोन केला होता, 'वाइन घेतो' म्हणाले होते. खिडकीवर गेल्यावर 'काचेत द्रव पदार्थ चालत नाही'. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस, 'परवाना आणा'. कुठला, कोणाकडून? ते वरिष्ठांना विचारा. वरिष्ठ जेवायला गेलेले, ते काही परत आलेच नाहीत! या सगळ्यात खोकं दोन दिवस उन्हातल्या गाडीत.

घरी बाटली उघडली तर मुरंब्यासारखा शिजका वास, चव बसलेली. आणि मी शहाणीनं काय करावं? 'तुमचं बूच खराब आहे' अशी तणतणती मेल वायनरीला. उत्तर आलं शांतपणे: वास ओल्या पुठ्ठ्याचा आहे की जॅमचा? बूच वर सरकलंय का? गळ्याशी चिकट आहे का? पुठ्ठ्याचा वास म्हणजे टीसीए, वाइन नासवणारं एक रसायन, ते बहुधा बुचातून येतं, म्हणजे दोष त्यांचा. जॅमचा वास आणि वर आलेलं बूच म्हणजे उष्णता, दोष माझा. उन्हातली बंद गाडी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी तापते, आणि तिशीच्या वरचं तापमान वाइनला सोसत नाही. सहाच्या सहा गेल्या. बाटल्यांपेक्षा त्या मेलचं जास्त वाईट वाटतं.

तेव्हा वेळ घ्यायला फोन कराल तेव्हाच विचारा, बाटल्या तुम्ही पाठवता का, आमच्या पत्त्यावर पाठवता येतात का. नियम जागोजागी वेगळे असतात, मी काही जाणकार नाही, पण त्यांचं हे रोजचं काम असतं. नाहीतर थर्मोकोलचं खोकं न्या आणि मुक्कामी पोचलात की आधी ते खोलीत. विमानानं येणार असाल तर २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयाला चेक-इन सामानात सुरक्षा नियमांची प्रमाणमर्यादा नाही. वजनाची आणि कस्टम्सची आहेच. भरलेली बाटली साधारण सव्वा ते दीड किलो धरा.

आणि तीनपैकी एक वायनरी गाळा हो. एका जागी पाच प्रकार, प्रत्येकी ५० मिली, म्हणजे २५० मिली. तीन जागी मिळून माणशी अख्खी बाटली! थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, खुशाल वापरा, कोणी रागावत नाही. पण न गिळताही टॅनिननं, म्हणजे लाल वाइनमधल्या तुरट द्रव्यानं, जीभ इतकी आवळते की तिसऱ्या ठिकाणची लाल वाइन काही कळत नाही. (अत्तर लावून जाऊ नका. शेजारचे मनातल्या मनात शिव्या घालतात. मी घातल्यात.)

महिना कुठला, ते लिहिलं नाहीत. द्राक्षतोडणीच्या दिवसांत, म्हणजे युरोपात, उत्तर अमेरिकेत साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल, अशा घरातली सगळी माणसं कामाला जुंपलेली असतात. तेव्हा गेलात तर अर्ध्या तासाहून जास्त बसू नका.