गॅलरीतली पाण्यावरची भाजी : वाचकांचे प्रश्न

मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर भाजी वाढवण्याबद्दल (म्हणजे हायड्रोपोनिकबद्दल) यावेळी बरीच पत्रं आलीयत. त्यातले चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न : आम्ही मिऱ्याच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहतो. कुंड्यांचं मातकट पाणी खालच्यांच्या कपड्यांवर गळतं म्हणून सोसायटीत सारखी कटकट. हायड्रोपोनिकचा पाइपवाला सेट घ्यावा म्हणतेय, पण लाइट जात असते आणि बोअरचं पाणीही मचूळ आहे. जमेल का?
– एक ताई, रत्नागिरी

उत्तर : ताई, जमेल, नक्की जमेल. पण सेटचं नंतर, आधी पाणी बघा. किनाऱ्यालगत आणि खाडीकाठी खरा घोळ तिथेच होतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं, ते बोअरच्या पाण्यात बुडवा. आकडा २०० च्या आत आला तर उत्तम, ४००-५०० च्या वर गेला तर ते पाणी भाजीला नको. पिण्याच्या पाण्याचं सरकारी मानक ५०० आहे आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे आपल्याला चालणारं पाणी झाडाला चालेलच असं नाही, कारण त्यात मीठ असेल तर पानांच्या कडा करपतात आणि वर खत घातलं की क्षार अजून वाढतात. आरओचं वेस्ट पाणी तर अजिबात नको, त्यात क्षार गोळा झालेले असतात. नळाचं पाणी येत असेल तर ते तपासा, नाहीतर पावसाचं. पहिले चार-दोन पाऊस जाऊ द्या, छप्पर धुऊन निघू दे, मग पागोळ्यांचं पाणी झाकणवाल्या पिंपात भरून ठेवा. एवढा पाऊस पडणाऱ्या कोकणात हे सोडून मचूळ पाणी कशाला वापरायचं?

आता सेट. पाइपवाल्याला पंप लागतो, पंपाला लाइट, आणि उन्हाळ्यात लाइट गेली की पाइपातली मुळं बघता बघता सुकतात. माझं स्पष्ट मत, सुरुवात बिनपंपाच्या पद्धतीने करा. ही हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की यांनी मांडली म्हणून तिला क्रॅट्की पद्धतच म्हणतात. मिरकरवाड्याला बर्फातले मासे ज्या थर्माकोलच्या खोक्यांतून येतात ना, तसलं एक झाकणासकट मागून आणा, साबणाने घासून दोन दिवस उन्हात टाका म्हणजे वास जाईल. आत काळं जाड प्लास्टिक अंथरा, पाणीही गळत नाही आणि उजेडही आत जात नाही (उजेड गेला की शेवाळ धरलंच). झाकणाला वाटीच्या बुडाएवढी भोकं पाडा, दोन भोकांत वीतभर अंतर ठेवा, त्यात खाली भोकं पाडलेले दह्याचे कप बसवा. कपात धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि त्यात तीन-चार पानांवर आलेलं रोप. खत घातलेलं पाणी (कोणतं खत ते खाली तिसऱ्या उत्तरात) कपाच्या बुडाला जेमतेम टेकेल एवढंच भरायचं.

पुढचं नीट वाचा. रोप पाणी पीत जातं, पातळी खाली जाते आणि वरची मुळं उघडी पडतात, त्यांना पांढरी लव येते. ती मुळं हवेतला ऑक्सिजन घेतात म्हणून पंप लागत नाही. पाणी कमी झालं म्हणून परत काठोकाठ भरलंत तर तीच मुळं गुदमरतात. अगदीच तळाला गेलं तर थोडंसं घाला, वरची मुळं उघडीच राहू देत. आणि २० लिटर पाणी म्हणजे २० किलो वजन, तेव्हा खोका कठड्यावर नको, खाली भिंतीलगत ठेवा.

प्रश्न : थंडीत पालक मस्त झाला. एप्रिलपासून बादलीत पाणी भरलेलं असूनही रोपं दुपारी माना टाकतात, मुळं तपकिरी झाली आणि वास येतोय.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दादा, मुळं कुजलीयत. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम तर ३० अंशाला साडेसातच्या आसपास, आणि मुळं कुजवणारी बुरशी नेमकी अशाच वेळी फोफावते. ती रोपं काढून टाका, बादली ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा, वाळवा. परत लावताना बादली बाहेरून पांढरी रंगवा किंवा थर्माकोलच्या खोक्यावर या, आणि सकाळचं ऊन घेऊन अकरानंतर सावली. पण खरं सांगू का, मे महिन्यात पालक आणि लेट्यूसचा हट्ट धरू नका. त्यांचा आपल्याकडचा काळ ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात लाल माठ लावा, नाळीची भाजी लावा, तिला कोमट पाणी मानवतं, पुदिनाही सावलीत तग धरतो. जून-जुलैत ऊनच नसतं, रोपं उजेडासाठी नुसती लांब होतात आणि पावसाची झड आत येऊन खताचं पाणी पातळ होतं, तेव्हा एकतर पांढरी एलईडी ट्यूब फूटभर वर लावून १२-१४ तास चालू ठेवा, नाहीतर सरळ सुट्टी घ्या.

प्रश्न : कृषी सेवा केंद्रातून १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशचं खत) आणून पाण्यात टाकलं, तरी पानं पिवळी. त्याऐवजी शेण-गोमूत्राचं जीवामृत चालेल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : जीवामृत मातीसाठी. बंद पाण्यात ते सडतं, वास मारतं आणि मुळंही जातात. १९:१९:१९ मधलं बरंचसं नत्र युरियाच्या रूपात असतं, मातीतले जिवाणू ते झाडाला घेता येईल असं करून देतात, नुसत्या पाण्यात ते जिवाणू फारसे नसतात. शिवाय त्यात कॅल्शियम नाही, आणि पावसाचं पाणी वापरत असाल तर पाण्यातूनही मिळत नाही. हायड्रोपोनिकसाठी ए आणि बी अशा दोन बाटल्या मिळतात त्या घ्या. ए पाण्यात घालून ढवळा, मगच बी. दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र ओतलीत तर कॅल्शियम आणि सल्फेटचा पांढरा गाळ खाली बसतो, म्हणजे खत गेलं वाया. पालेभाजीला ईसी (पाण्यात खत किती विरघळलंय ते दाखवणारा आकडा) १.२ ते १.८ आणि पीएच (पाणी किती आंबट ते दाखवणारा आकडा) ५.५ ते ६.५ ठेवा. उरलेलं पाणी मोरीत नको, माडाच्या मुळात ओता.

प्रश्न : या पाण्यात डास होतील म्हणून घरचे नको म्हणतायत.
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : त्यांचं बरोबर आहे, डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि गरम हवेत आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. कप भोकात घट्ट बसला पाहिजे, रिकामं भोक टेपने बंद करा, झाकणाच्या कडेलाही टेप मारा. आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन आत बघा, वळवळणारी अळी दिसली तर पाणी मातीवर ओतून द्या, खोका घासून नवीन भरा. घरच्यांना झाकण उघडून दाखवा.