पहिलं पिस्तूल स्वस्तात घ्यायचंय? आधी काडतुसांचा हिशोब करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजवर हत्यार हातात धरलेलं नाही, खर्च बेताचा ठेवायचाय, रेंजवर सराव करायचाय आणि जमलं तर घराच्या रक्षणालाही तेच चालावं. खिशात मावणारं एक छोटं पिस्तूल स्वस्त मिळतंय, मित्र म्हणतो जुनं रिव्हॉल्व्हर घे. दोन्हीतलं कोणतं घ्यावं, आणि दुसरी काही नावं सुचतात का?

खिशातलं छोटं नकोच. रिव्हॉल्व्हर चालेल, पण नीट तपासून. आणि तुमच्या यादीत नसलेलं मध्यम किंवा पूर्ण आकाराचं ९ मिमी पिस्तूल, ते बहुतेक नवशिक्यांना सगळ्यात बरं पडतं. परवाना, नोंदणी, कोणत्या बोअरला (नळीच्या आतल्या व्यासाला) परवानगी आहे हे मात्र तुमच्या इथल्या कायद्यात आधी बघा. काही ठिकाणी निम्मी यादी तिथेच गळून जाते.

छोट्याला एवढा विरोध का, तर मी स्वतः तेच केलं होतं. पॉइंट थ्री एटी बोअरचं, तळहाताएवढं, वजनाला एखाद्या मोबाइलसारखं. दुकानात हातात घेतल्यावर वाटलं, वा, किती हलकं! रेंजवर पहिलं मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची डबी, संपेपर्यंत अंगठा आणि तर्जनीमधली कातडी लाल झाली होती आणि करंगळीला मुठीवर जागाच नव्हती, ती हवेतच लोंबकळत होती. तिसऱ्या खेपेला माझ्या कागदावरची सगळी भोकं खाली डावीकडे. मी म्हटलं, माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा काटा, वाकडी असणार. प्रशिक्षकांनी काही न बोलता पिस्तूल घेतलं, माझ्याकडे पाठ करून मॅगझिन भरलं आणि परत हातात दिलं. मी नेम धरला, चाप ओढला. नुसता ‘टक्’ आवाज आला. मध्येच त्यांनी एक डमी, म्हणजे न फुटणारं नकली, काडतूस घातलं होतं. गोळी सुटलीच नव्हती, तरी नळी चांगली दोन बोटं खाली गेली होती. ती मीच दाबली होती, धक्का येणार या भीतीने. ते म्हणाले, “आवाज यायच्या आधीच दचकताय तुम्ही. ही सवय मोडायला आता वर्ष जाईल.” वर्ष नाही, पण सात-आठ महिने गेले. ते पिस्तूल पडत्या भावात विकलं आणि मग जे आधीच घ्यायला हवं होतं ते घेतलं. म्हणजे स्वस्ताच्या नादात दोनदा पैसे मोजले.

ह्यामागे साधं गणित आहे. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं की हाताला मिळणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. दुसरं म्हणजे मागची खाच आणि पुढची माशी यांतलं अंतर. समजा ते १० सेंमी आहे आणि माशी १ मिमी हलली, तर १० मीटरवर गोळी १० सेंमी चुकते. अंतर १६ सेंमी असेल तर तीच चूक सव्वासहा सेंमीवर येते. छोटं पिस्तूल चूक मोठी करून दाखवतं, तीही नेमकी अशा माणसाला ज्याच्या चुका आधीच भरपूर आहेत. शिवाय पुष्कळांना वाटतं की छोट्याची स्लाइड, म्हणजे मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, ओढायला सोपी असेल. बहुधा उलटं असतं. स्लाइड हलकी म्हणून तिला आवरायला स्प्रिंग कडक घालावी लागते. बोटांत ताकद कमी असलेल्यांना मोठं पिस्तूल सोपं जातं, हे मी रेंजवर कितीतरी वेळा बघितलंय.

आता पैशांकडे. पिस्तुलाची किंमत एकदाच द्यायची असते, काडतुसांची देत राहावी लागते. नीट शिकायचं तर पहिल्या वर्षात हजार-दोन हजार फैरी सहज होतात, आणि तोवर काडतुसांचं बिल स्वस्त पिस्तुलाच्या किमतीला गाठून पुढे गेलेलं असतं. म्हणून बोअर निवडताना आधी काडतुसाचा भाव विचारा. इथे एक गंमत आहे. पॉइंट थ्री एटी हे ९ मिमीपेक्षा आखूड काडतूस, पितळ कमी, दारू कमी. तरी ते बहुतेक ठिकाणी महागच मिळतं, कारण खप कमी. ९ मिमी पॅराबेलम हे शस्त्ररचनाकार गेऑर्ग लुगर यांनी १९०२च्या सुमारास पुढे आणलेलं काडतूस. पुढे सैन्यांनी आणि पोलीस दलांनी ते उचललं आणि आज पिस्तुलाची इतकी काडतुसं दुसऱ्या कोणत्याच मोठ्या बोअरची बनत नाहीत. स्वस्ताई आली ती तिथून. रिव्हॉल्व्हरचं पॉइंट थ्री एट स्पेशलही साधारणपणे ९ मिमीपेक्षा महाग पडतं, हे तुमच्या मित्राच्या सल्ल्यात धरलेलं दिसत नाही.

घराचं रक्षण बाजूला ठेवून फक्त नेमबाजी शिकायची असेल, तर मात्र माझं मत लगेच बदलेल: पॉइंट टू टू घ्या. १८८७पासून चालत आलेलं हे बारकं काडतूस सगळ्यात स्वस्त, धक्का जवळपास नाहीच, आणि चाप दाबण्याची सवय त्यावर जितकी स्वच्छ बसते तितकी दुसऱ्या कशावर बसत नाही. रुगर कंपनीची सुरुवातच १९४९ साली अशा पॉइंट टू टू पिस्तुलाने झाली आणि त्याचाच वंशज, २०१६चा मार्क फोर, आजही नवशिक्यांच्या हातात दिसतो. आधीची मार्क वन-टू-थ्री जुन्यात छान मिळतात, पण साफ करायला खोललं की परत जोडताना माणूस देवाचं नाव घेतो. मार्क फोर एका बटणावर उघडतं. पॉइंट टू टूची एक खोड: पेटवण्याचा मसाला काडतुसाच्या कडेच्या आत पसरलेला असतो, तो कुठे कमी पडला की गोळी फुसकी निघते. म्हणून रक्षणासाठी त्यावर विसंबू नये.

नावं विचारलीत म्हणून देतो, पण ही यादी घेऊन दुकानात गेलात आणि पहिलंच उचललंत तर उपयोग नाही. नव्यात, खालच्या किमतीच्या फळीत टॉरस जी थ्री, रुगर सिक्युरिटी नाइन, कॅनिक टीपी नाइन ही सगळी ९ मिमी, कामाची. जुन्यात ग्लॉक १७ किंवा १९. ग्लॉक १७ ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला घेतलं तेव्हापासून आतली रचना मुळात तीच आहे, त्यामुळे सुटे भाग आणि मॅगझिनं सगळीकडे मिळतात. पोलीस दलांनी बदलून टाकलेली पिस्तुलं विकायला येत असतील तर जरूर बघा. कमरेला लावून लावून बाहेरचा रंग उडालेला असतो, पण झाडलेली फार कमी असतात. आतून नवरी, बाहेरून म्हातारी.

घेण्याआधी हातात धरून काय बघायचं? दुकानदाराने आणि तुम्ही, दोघांनी मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून, चेंबर (झाडायच्या वेळी काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे डोळ्याने आणि करंगळीने तपासायचं. त्याने आत्ताच तपासलं असलं तरी तुम्ही परत तपासायचं, यात कुणाला राग येत नाही आणि ज्याला येतो त्याच्याकडून घेऊ नका. मग मूठ धरा. नळी तुमच्या कोपरापासूनच्या हाताच्या रेषेत आली पाहिजे आणि त्याच पकडीत तर्जनीच्या पहिल्या पेराचा गुबगुबीत भाग चापावर टेकला पाहिजे. बोट पोचवण्यासाठी पिस्तूल हातात फिरवावं लागत असेल, तर ते पिस्तूल कितीही चांगलं असो, तुमचं नाही. स्लाइड पाच-सहा वेळा पूर्ण ओढून बघा. डाव्या हाताने नुसती खेचू नका. डाव्याने स्लाइड घट्ट धरा आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकला, तोंड सतत सुरक्षित दिशेला. एवढ्याने बऱ्याच जणांचं ‘मला ओढताच येत नाही’ संपतं. रेंजवर भाड्याने पिस्तूल मिळत असेल तर घेण्याआधी प्रत्येकाच्या पन्नास-पन्नास गोळ्या झाडून बघा, त्यावर खर्चलेले पैसे वसूल होतात.

मित्राच्या रिव्हॉल्व्हरबद्दल. स्मिथ अँड वेसन मॉडेल टेन, म्हणजे जुनं मिलिटरी अँड पोलीस, १८९९पासून बनतंय आणि साठ लाखांच्या आसपास बनलंय. असं एखादं बऱ्या अवस्थेतलं मिळालं तर मला आनंदच होईल. स्लाइड नाही, मॅगझिन नाही, भरलंय की रिकामं हे काडतुसांचं फिरतं सिलिंडर उघडलं की दिसतं. अडचण चापाची. घोडा (मागचा, काडतुसावर आपटणारा खटका) आधी न चढवता नुसता चाप ओढून झाडायचं तर चार-पाच किलोचा जोर लागतो, तोही हात न हलवता. शिकण्यासारखी गोष्ट आहे, पण वेळ लागतो.

जुनं रिव्हॉल्व्हर तपासताना सिलिंडर उघडा, रिकामं आहे ना बघा, आणि नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरा. नखावरून उजेड आत जातो. पुढून बघितलं की आटे, म्हणजे नळीच्या आतले पिळाचे चर, स्वच्छ दिसले पाहिजेत. मध्येच काळसर कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली आहे, ते पिस्तूल परत ठेवा. मग सिलिंडर बंद करून घोडा अगदी हळू मागे ओढा. घोडा पूर्ण चढायच्या आत सिलिंडर आपल्या जागी अडकल्याचा आवाज आला पाहिजे, सहाही घरांना. चढलेल्या घोड्याला अंगठ्याने मागून पुढे ढकला, चाप न दाबता तो पडता कामा नये. आणि स्क्रूंच्या खाचा बघा. त्या कुरतडल्यासारख्या असतील तर कुणीतरी घरच्या पेचकसाने आत हात घातलाय.

जुन्या पिस्तुलात मी आधी मॅगझिन बघतो. काडतूस अडकण्याच्या तक्रारी पुष्कळदा मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांमुळे, म्हणजे काडतूस धरणाऱ्या वरच्या कडांमुळे, असतात, आणि ओठ वाकलेत हे बोट फिरवल्यावर कळतं. जास्तीचं मॅगझिन मिळतं का आणि केवढ्याला, हे सौदा व्हायच्या आधी विचारा. बंद पडलेल्या मॉडेलचं मॅगझिन कधीकधी असं महाग असतं की पिस्तुलाची स्वस्ताई तिथेच संपते. स्प्रिंग दमली असेल तर काळजी नको, ती बदलता येते.

एकूण रकमेतला एक हिस्सा आधीच बाजूला काढा: कुलपाची मजबूत पेटी, कानाला मफ, डोळ्याला चष्मा, साफसफाईचं सामान, दोन-चार डमी काडतुसं आणि शिकवणीचे पैसे. कानाचं हलक्यात घेऊ नका. पिस्तुलाचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो आणि १४० डेसिबलचा एक दणका कायमचं नुकसान करायला पुरतो. माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजते ती एकाच दिवसाच्या आळसामुळे. डमी काडतुसं घरी कोरड्या सरावासाठी: गोळ्या दुसऱ्या खोलीत, पिस्तूल तीनदा तपासलेलं, समोर भक्कम भिंत, रोज दहा मिनिटं चाप. फुकटात होणारा ह्यापेक्षा चांगला सराव मला माहीत नाही. पॉइंट टू टूवर मात्र कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच, नाहीतर फायरिंग पिन (काडतूस पेटवणारी टोकदार सळई) चेंबरच्या कडेवर आपटते.

पेटीबद्दल एक नाजूक गोष्ट. तुमच्या घरात कोण कोण आहे, मला ठाऊक नाही. कॅलिफोर्नियातल्या हँडगन मालकांवरचा एक मोठा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांचं बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट निघालं, आणि स्त्रियांमध्ये तर पस्तीसपट. घरात कुणी, तुम्ही स्वतःही, सध्या निराशेतून जात असेल तर ही खरेदी आता करू नका, आणि आधीच असेल तर काही काळ घराबाहेर, कायद्याने चालेल अशा ठिकाणी ठेवा. मुलं असतील तर ‘उंचावर ठेवलंय’ हे कुलूप नव्हे. मुलं स्टूल ओढतात.

घेतलंत की पहिले दोन-तीन दिवस रेंजवर मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा. झाडा, स्लाइड मागे थांबू द्या, पिस्तूल खाली ठेवा, श्वास घ्या, मग दुसरं. कंटाळवाणं वाटेल. पण पहिल्या धक्क्यानंतर नवशिका माणूस आनंदाने किंवा घाबरून पिस्तूल हातात घेऊनच मागे वळतो, आणि तेव्हा चेंबरमध्ये दुसरी गोळी नसलेली बरी. मी वळलो होतो. प्रशिक्षकांनी माझं मनगट धरून परत भिंतीकडे वळवलं, आणि त्या दिवशी उरलेली काडतुसं एकेक करून मोजून दिली.