नोटरीचा कागद, सातबाऱ्याची नोंद आणि नॉमिनीचे नाव : वाचकांच्या कायदेविषयक प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या चार उत्तरांत सांगितलेला कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख वाचकांना लागू होतो. पाचवा प्रश्न गोव्याचा असल्याने त्याचे उत्तर वेगळे आहे.

प्रश्न : माझे लग्न 2019 मध्ये झाले. दोन वर्षांत पटेनासे झाल्यावर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बैठक घेऊन स्टॅम्प पेपरवर फारकतनामा लिहिला व नोटरीचा शिक्का घेतला. तेव्हापासून आम्ही वेगळे राहतो. मूलबाळ नाही. आता मला दुसरे स्थळ आले आहे. तो कागद पुरेसा आहे ना? – एक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : पुरेसा नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 नुसार झालेले लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपुष्टात येते. सही करणारी व्यक्ती तीच आहे आणि तिने आपल्यासमोर सही केली, एवढेच नोटरी नमूद करतो; लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही आणि बैठकीलाही नाही. काही समाजांतील रूढीनुसार होणाऱ्या काडीमोडीला कलम 29 मध्ये मोकळीक आहे हे खरे, परंतु ती रूढी जुनी, अखंड आणि समाजात सर्वमान्य असल्याचे पुराव्यानिशी सिद्ध करण्याचे ओझे ती सांगणाऱ्यावरच असते व ते फार थोड्यांना पेलते. पहिले लग्न कायद्याने टिकून असताना तुम्ही दुसरे केलेत, तर ते मुळातच शून्य ठरेल आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हाही होईल.

तुमचा मार्ग मात्र अवघड नाही. दोघेही राजी असल्यास हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली परस्पर संमतीचा संयुक्त अर्ज कौटुंबिक न्यायालयात, आणि ते नसेल तेथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे करता येतो. अर्जापूर्वी किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागते. तुमचा फारकतनामा येथे थोडाफार उपयोगी पडेल, कारण वेगळे राहण्याची सुरुवात कधी झाली हे त्यावरील तारखेवरून दाखवता येईल. अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. तथापि ही मुदत न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अमरदीप सिंग खटल्यात सांगितले आहे. त्यासाठी अर्जापूर्वीच दीड वर्षाचा दुरावा झालेला असावा, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी, स्त्रीधन इत्यादी बाबी खरोखर मिटलेल्या असाव्यात. दागिने व भांडी परत मिळाली असतील, तर त्यांची यादी समझोत्यात वस्तुवार लिहून घ्या. ‘सर्व काही मिळाले’ या एका ओळीवरून पुढे तंटे होतात. हुकूमनामा होईपर्यंत पतीला आपली संमती मागे घेता येते, त्यामुळे त्याआधी मुहूर्त धरण्याची घाई कोणी करत असेल तर त्यांना ठामपणे थांबवा.

प्रश्न : माझे लग्न 1991 चे. वडील 2003 मध्ये वारले आणि सातबाऱ्यावर आई व दोन भावांचीच नावे लागली. आता जमीन विकायची म्हणून भाऊ मला हक्कसोडपत्रावर सही करण्यास बोलावत आहेत. लग्न होऊन गेलेल्या मुलीला हक्क उरत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. – एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : हक्क उरलाच नसेल तर तो सोडून देण्यासाठी सही कशाला हवी, हे भावांना विचारून पाहावे. जमीन घेणाऱ्याच्या वकिलाने बहिणींच्या सह्या मागितल्या असणार आणि त्याने त्या योग्यच मागितल्या आहेत.

भावांचा समज कोठून आला असावा हे सांगता येते. महाराष्ट्राने 1994 मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात स्वतःची दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले. तुमचे लग्न 1991 चे असल्याने तुम्ही त्या कायद्यातून सुटलात. परंतु केंद्राने याच कायद्यात 9 सप्टेंबर 2005 पासून लागू केलेल्या दुरुस्तीत लग्नाची अट नाही, आणि वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. अपवाद असा, की 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्राने अथवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झाले असेल तर ते मोडता येत नाही. ‘तोंडी वाटणी झाली होती’ हे म्हणणे भक्कम सरकारी कागदाच्या आधाराशिवाय सहसा टिकत नाही. जमीन वडिलांनी स्वतः कमावलेली असेल, तर दुरुस्तीची चर्चाच नको, कारण मृत्युपत्र नसताना मुलगी 1956 पासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे.

आता सातबाऱ्याविषयी. तो महसुली अभिलेख आहे. त्यावर नाव लागल्याने मालकी मिळत नाही आणि न लागल्याने जात नाही. 2003 नंतरच्या वारस फेरफाराची नक्कल काढून त्यातील मजकूर नीट वाचा. ‘याखेरीज अन्य वारस नाहीत’ असे लिहिले आहे, की ‘बहिणींनी हक्क सोडला’ असे लिहिले आहे, यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. स्थावर मिळकतीतील हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्तच लागतो. तलाठ्यासमोरचा जबाब किंवा साध्या कागदावरची सही पुरत नाही.

सही करू नका, असे मी सांगत नाही. माहेर धरून राहावे असे अनेकींना वाटते आणि तो त्यांचा निर्णय आहे. पण मोबदला ठरला असेल तर त्याची रक्कम आणि धनादेशाचा क्रमांक दस्तातच लिहिलेला असावा; ‘नंतर बघू’ या शब्दावर दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठा देऊ नये. सही करायची नसल्यास भावांना व खरेदीदाराला वकिलामार्फत लेखी नोटीस द्या आणि दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावा.

प्रश्न : ठाण्यातील फ्लॅट माझ्या पतीच्या एकट्याच्या नावावर होता. लग्नापूर्वी त्यांनी सोसायटीत धाकट्या भावाला नॉमिनी नेमले होते. मृत्युपत्र न करता पती वारले. दीर आता घरावर हक्क सांगतात. मला एक मुलगी आहे आणि सासूबाई हयात आहेत. – एक भगिनी, ठाणे

उत्तर : नॉमिनी हा मालक नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 154ब-13 नुसार कायदेशीर वारसांची नावे लागेपर्यंत नॉमिनीला केवळ तात्पुरते सभासद करून घेता येते. मालकी वारसाहक्काने ठरते, आणि तुमच्या घरात तुम्ही, मुलगी व सासूबाई अशा तिघी समान वाटेकरी आहात. दिरांना काहीही मिळत नाही. सासूबाईंचा तिसरा हिस्सा मात्र अनेक सुना गृहीत धरत नाहीत, तो धरावा. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनीची स्थिती हीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी सांगितले.

प्रश्न : मी 68 वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. पती नाहीत, अपत्य नाही, आईवडीलही गेले. स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट माझ्यामागे माझा सांभाळ करणाऱ्या भाचीला मिळावा असे वाटते. त्यासाठी काही करावे लागेल का? – नाशिक

उत्तर : करावेच लागेल, आणि लवकर. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 नुसार अपत्य व पती नसलेल्या स्त्रीची स्वकष्टार्जित मिळकत प्रथम पतीच्या वारसांकडे जाते. माहेरच्यांचा क्रम त्यानंतर लागतो. पतीच्या निधनानंतर सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या आणि माहेरी राहून नोकरी केलेल्या एका स्त्रीची कमाईही 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे पतीच्या वारसांना दिली. ही तरतूद मला अन्यायकारक वाटते, पण आज ती अमलात आहे.

तेव्हा मृत्युपत्र करा. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र अनिवार्य आहेत. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान असावेत आणि भाची अथवा तिचे यजमान त्यांत नसावेत. त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून दस्त नोंदवून ठेवला, तर सासरच्या मंडळींना मनःस्थितीचा मुद्दा काढणे जड जाईल. आताच बक्षीसपत्र करून देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका. बक्षीसपत्राने घर त्याच दिवशी तुमच्या हातून जाते, आणि महाराष्ट्रात जवळच्या नात्यांना मिळणारी 200 रुपये मुद्रांक शुल्काची सवलतही भाचीला लागू नाही.

प्रश्न : आम्ही फोंड्याचे. वडील सर्व मिळकत धाकट्या भावाच्या नावे मृत्युपत्राने करणार म्हणतात. त्यांचा पुण्यातही एक फ्लॅट आहे. त्यांना असे करता येते का? आई हयात आहे. – एक वाचक, गोवा

उत्तर : सर्व मिळकत देता येणार नाही. गोव्यात विवाहापूर्वी वेगळा करार झाला नसेल तर पतीपत्नीची मिळकत सामाईक असते, म्हणजे निम्मी तुमच्या आईचीच आहे. वडिलांच्या उरलेल्या निम्म्यापैकीही अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो, आणि केवळ बाकीच्या अर्ध्याची विल्हेवाट त्यांना मृत्युपत्राने लावता येते. पुण्याचा फ्लॅट या हिशेबाबाहेर राहत नाही. गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीच्या राज्याबाहेरील मिळकतीलाही गोव्याचाच वारसा कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये दिला आहे.